ट्रकचे दिवे आणि अमळनेरची आखाजी

एप्रिलच्या शेवटी खानदेशात जाऊ नये. मला हे चार जणांनी चार वेळा सांगितलं होतं, तरी मी गेले, कारण आमच्या सुभाषरावांना ट्रकचा रेडिएटर बदलायचा होता.

सुभाषराव म्हणजे माझे यजमान. साखर कारखान्याच्या वाहन विभागातून निवृत्त झाले. निवृत्त माणसं बाग करतात, भजनाला जातात, नातवंडांच्या मागे लागतात. यांनी सैन्यातून लिलावात निघालेला एक ट्रक विकत घेतला. तसा लहानच, पण चारही चाकांना ताकद मिळणारा, दगडधोंड्यांतून आणि नाल्यांतून वाट काढणारा. कराडच्या आमच्या अंगणात तो येऊन उभा राहिला तेव्हापासून माझं वाळवण गच्चीवर गेलं.

ट्रकला तीन दुखणी होती. चढाला लागला की उकळायचा. स्टिअरिंग इतकं जड की वळवताना सुभाषरावांचा उजवा खांदा रात्रभर ठणकायचा. आणि दिवे असे मिणमिणते की विचारू नका. जूनमध्ये त्यांच्या ट्रकवेड्या मित्रांबरोबर दोन महिने हिमालयात जायचं ठरत होतं, आणि शेजारच्या सीटवर मी. मी अट घातली. तिन्ही दुखणी गेली तर मुकाट्याने येते, नाहीतर ट्रक विकायचा. ते म्हणाले, "मान्य." इतक्या पटकन ते माझं काही मान्य करत नाहीत, पण तेव्हा मला आनंदच झाला.

मित्रांपैकी कुणीतरी सांगितलं की ही कामं खानदेशात करून घ्या. तिथल्या उन्हात जो ट्रक थंड राहतो तो कुठेही राहतो. धुळ्याला रेडिएटर आणि बाकीच्यासाठी अमळनेरचे एक नाना. निघालो.

धुळे

राहूडच्या घाटात ट्रकने पहिलं पाणी सोडलं. बॉनेटमधून वाफ, आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला बाभळीच्या काडीएवढ्या सावलीत. मागून येणारा प्रत्येक ट्रकवाला खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी सल्ला देऊन जात होता. त्यातला एक थांबला, उतरला, आपला पाण्याचा कॅन आम्हाला देऊन न बोलता निघून गेला. आमच्याकडे कुणी मदत केली की आधी गाव, मग आडनाव, मग पाहुणे निघतात. इथे नाव विचारायलाही सवड मिळाली नाही.

थंड करत, भरत, पुन्हा थांबत मालेगाव ओलांडलं तोवर दिवस मावळला. धुळं अजून पुढे होतं. रस्त्याच्या कडेला उसाची एक रिकामी ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना लाल कापड. मला ती चांगली लांबून दिसली. मी म्हटलं, "अहो, ट्रॉली." गाडी तशीच सरळ चालली होती. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मी ओरडले तेव्हा त्यांनी ते जड स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढलं आणि आमचा आरसा ट्रॉलीला घासून फुटला.

"दिवे बघितलेस ना कसले आहेत?" ते म्हणाले. "मेणबत्त्या आहेत नुसत्या."

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. पण दिवे खरोखरच मेणबत्त्या होते, ते मी रोज बघत होते.

लॉजवर कूलर होता. इकडे पंख्याला कुणी विचारत नाही. खिडकीत पत्र्याचा डबा, त्यात गवताच्या ओल्या चटया, आणि रात्रभर पाणी टिपटिपत असतं. आवाज असा की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येऊ नये. मी ओली चादर अंगावर घेऊन पडले. हे आरशासमोर उभे राहून डोळ्यांत थेंब घालत होते. डोळे कोरडे पडतात म्हणून गेले काही महिने घालतात. मलाही चार थेंब द्या म्हटलं, इथे सगळंच कोरडं पडलंय, तर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर. दुकानदाराने जुना खोलून दाखवला तर आतल्या नळ्यांत चुनखडी साचून दगड झाला होता. बोअरचं पाणी पाजलं आयुष्यभर, दुसरं काय होणार. त्याने जाड गाभ्याचा नवा बसवला. पंख्याभोवती पत्र्याचं कडं केलं, म्हणजे पंखा इकडची तिकडची हवा न ओढता रेडिएटरमधूनच ओढेल. बॉनेटच्या मागच्या बाजूला वॉशर घालून ते बोटभर उचललं, गरम हवा बाहेर पडायला. वर म्हणाला, पाणी अडवणारा आतला व्हॉल्व्ह काढून फेकतो, इकडे सगळे काढतात. सुभाषराव अडून बसले. इंजिन गार असताना तो बंद राहायलाच हवा, हिमालयात लागेल. दोघांचं तासभर वाजलं. मी मध्ये बसून ताक प्यायले. शेवटी व्हॉल्व्ह राहिला.

जेवायला शेवभाजी. आमच्याकडे शेव फरसाणात असते, इथे ती लालभडक रश्श्यात बुडवून खातात आणि घाम पुसत अजून रस्सा मागतात. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ आली. दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन तीच मागवली, हे इथे कबूल करते.

पारोळ्यावरून

सकाळी लवकर निघालो. पारोळ्याचा किल्ला बघायची माझी इच्छा होती. तो गावात, बाजाराला लागूनच आहे, डोंगर चढावा लागत नाही म्हणून मला आवडला. पण दहाच्या आतच दगड इतका तापला की खंदकाच्या कडेने चार पावलं टाकून मी परत फिरले. गाडीशी आले तर सुभाषराव बॉनेटवर हात ठेवून उभे. "गार आहे बघ, हात लाव." मी लावला. खरंच बेताचाच गरम होता. त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आमच्या मुलाच्या लग्नात पाहिला होता.

एक दुखणं गेलं. मी मनात हिमालयासाठी स्वेटर मोजायला लागले, आणि त्या उन्हात स्वेटरच्या विचारानेच जीव घाबरला.

अमळनेर

नानांचं वर्कशॉप गावाबाहेर, कापसाच्या शेतांना चिकटून. नाना साठीचे, अंगात बनियन, डोक्याला ओला पंचा. त्यांनी ट्रकभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि म्हणाले, "या भाऊ. गाडी सावलीमा लावा आधी. आते ऊन बठ्ठं डोक्यावर शे."

आमची राहायची सोय त्यांनी घरीच केली. लॉजचं नाव काढलं तर रागावले. घरात त्यांची सून रूपाली आणि तिची चारेक वर्षांची मुलगी. मुलगा सुरतेला कामाला. चार-पाच दिवसांवर आखाजी आली होती. आपण तिला अक्षय्यतृतीया म्हणतो, सोन्याच्या दुकानात गर्दी करतो आणि विसरतो. इथे ती दिवाळीहून मोठी. लग्न झालेल्या मुली माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. मुलीला न्यायला तिचा भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो आल्याशिवाय मुलीने निघायचं नाही. रूपालीचं माहेर तापीपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, जिथे एसटी पोचत नाही. ती दिवसातून दहादा दाराशी येऊन रस्ता बघून जात होती.

"मला नाही कुणी न्यायला येत," मी म्हटलं.

"तुम्हाला कुठे जायचंय अक्का," ती म्हणाली, "तुमचं तर सगळं घरच ट्रकमधून फिरतंय."

स्टिअरिंगला दोन दिवस गेले. भंगारातल्या एका ट्रकची पॉवर स्टिअरिंगची पेटी नानांनी आणून ठेवलीच होती. पंप इंजिनवर, त्याला पट्टा, तेलाच्या नळ्या, सगळं बसवून झाल्यावर सुभाषरावांनी उभ्या गाडीत एका बोटाने चाकं वळवून दाखवली. मग मला बोलावून माझ्या बोटाने वळवायला लावलं. मी वळवलं. वळलं की! मला उगाचच रडू आलं. खांद्याला तेल चोळून चोळून माझेच हात दुखायला लागले होते.

रूपालीने त्या दुपारी खापरावरची पुरणाची पोळी केली. मातीच्या पालथ्या घड्यासारख्या खापरावर, हातावर झेलत झेलत मोठी केलेली, रुमालासारखी पातळ. सोबत आमरस. मी आयुष्यभर पोळ्या केल्या, मला वाटायचं मला येतात. जेवून जी आडवी झाले ती चार वाजता उठले, तरी थकवा गेला नव्हता. तिथे थकवा असा येऊन बसतो, पाहुण्यासारखा, उठायचं नावच घेत नाही.

दिव्यांची संध्याकाळ

दिव्यांचं दुखणं नानांनी पाच मिनिटांत सांगितलं. "बठ्ठं वायरिंग सडेल शे." सगळं वायरिंग सडलेलं, विजेला पोचायलाच रस्ता नव्हता. नवी जाड वायर, मध्ये वीज थेट दिव्यांना पोचवणारा रिले, नवे मोठे दिवे, आणि खाली बंपरला दोन पिवळे, धुळीत आणि धुक्यात लागणारे. हे पिवळे मोठ्या रस्त्यावर टोपी घालून झाकायचे, नाहीतर समोरचा आंधळा होतो.

आणि मग नानांनी मला बोलावलं. दिव्याचा झोत कुठे टेकवायचा हे ते भिंतीवर रेघ मारून ठरवत नाहीत. त्यांची पद्धत वेगळी. दिवस मावळला की गाडी शेताकडे तोंड करून उभी करायची, इंजिन बंद, फक्त दिवे चालू. मालक स्टिअरिंगवर. त्याच्या घरचं माणूस डोक्यावर पांढरं कापड घेऊन लांब शेताच्या टोकाला जातं आणि गाडीकडे चालत येतं. मालकाला दिसलं की त्याने हॉर्न द्यायचा. जिथे हॉर्न वाजला तिथे वीट ठेवायची. मग दिवे वरखाली करायचे आणि पुन्हा चालायचं.

"वर्कशॉपातला पोरगा उभा केला तर गिऱ्हाईक बढाई मारतं, लवकर हॉर्न देतं," नाना म्हणाले. "स्वतःची बायको समोर असली म्हणजे कोणी बढाई मारत नाही. उद्या हिच्याच अंगावर गाडी जायची, हे कळतं त्याला."

मी नानांचा पंचा डोक्यावर घेतला आणि निघाले. कापूस केव्हाच निघाला होता, नुसती ढेकळं. टोकाशी जाऊन वळले तर दिवे असे लख्ख की माझ्या पायाखालचं ढेकूळ न् ढेकूळ मला दिसत होतं. मी चालत राहिले. हॉर्न नाही. चालत राहिले. मी चांगली जवळ आले, मला नानांच्या तोंडातली विडी दिसायला लागली, तेव्हा हॉर्न वाजला.

नानांनी दिवे वर केले. पुन्हा गेले, पुन्हा आले. वीट थोडी पुढे सरकली. नाना चक्रावले. पुन्हा स्क्रूड्रायव्हर, पुन्हा मी शेतात. माझ्या पायांचे तुकडे पडले होते, साडीला कुसळं चिकटली होती, मी मनात सगळ्या ट्रकजातीला शिव्या घालत होते.

तिसऱ्या खेपेला अर्ध्या वाटेत चपलेत काटा गेला. शेतात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, माझ्याहून उंच ढीग रचला होता. त्याला टेकून काटा काढावा म्हणून मी ढिगामागे गेले. पूर्ण मागे. गाडी मला दिसत नव्हती आणि मी गाडीला. ढिगाची धूळ नाकात गेली आणि मी खोकले.

हॉर्न वाजला. लांबलचक.

"दिसली! दिसली!" सुभाषराव ओरडले. "नाना, ठेवा वीट!"

"भाऊनी नजर पक्की शे!" नाना म्हणाले आणि टाळी वाजवली.

मी चप्पल हातात घेऊन तिथेच उभी राहिले. मग ढिगामागून निघाले आणि शेताच्या कडेकडेने, स्टिअरिंगच्या बाजूने गाडीशी आले. त्यांच्या खिडकीपासून चार हातांवर उभी राहिले. त्यांचं तोंड समोर शेताकडे.

"ही कुठे राहिली नाना?" ते म्हणाले. "आली नाही अजून?"

"अहो, इथेच आहे," मी म्हटलं. ते दचकले.

रात्री गच्चीवर खाटा टाकल्या होत्या. सगळं गाव गच्चीवर झोपतं. मी हळू आवाजात म्हटलं, "मी ढिगामागे होते." ते कुशीवर वळले. पाठ करूनच म्हणाले, "झोप. दमलीयस." दमले तर होतेच. पण झोप कसली येते. दिव्यांत काही वाईट नव्हतं. मग दिवाळीनंतर सुरू झालेले ते थेंब, मालेगावपुढची ट्रॉली, आणि माझी अट त्यांनी एवढ्या पटकन मान्य केली ती, सगळं एकामागून एक येऊन माझ्या खाटेवर बसलं. मला त्यांचा संताप आला. माणूस मला हिमालयाच्या कड्यावर शेजारी बसवून नेणार होता!

तापीपलीकडे

दुसऱ्या दिवशी दुपारी मुऱ्हाळी आला. मोटारसायकलवरून, उन्हाने काळाठिक्कर पडलेला. रूपालीने त्याला पाणी देतानाच रडून घेतलं. मोटारसायकलवर ती, मुलगी, सामान, कुरडयांचा डबा, एवढं मावणार नव्हतं. नानांना एकदम सुचलं. ऊन उतरलं की ट्रकच घेऊन जाऊ. ओझं होईल, नाल्यातून उतरावं लागेल, पोचता पोचता अंधार होईल, म्हणजे तिन्ही कामांची एकदम परीक्षा.

"जाऊ की!" सुभाषराव म्हणाले. "मीच नेतो."

मी त्यांना विहिरीच्या बाजूला ओढून नेलं. "तुम्ही सांगता का मी सांगू नानांना?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "एकदाच चालवू दे गं. एवढी एकदाच. रस्ता सरळ आहे."

"पोरगी असणार आहे गाडीत."

"माहीत आहे."

"मग?"

ते निघून गेले आणि ट्रक पुसायला लागले. मी ठरवलं, नाक कापलं जाईल त्यांचं, जाऊ दे. चारचौघांत सांगायचं.

सहाच्या पुढे निघायची तयारी झाली. सामान मागे चढलं. सुभाषराव स्टिअरिंगवर बसले, इंजिन सुरू केलं, अजून उजेड होता तरी दिवे लावले. रूपाली केबिनमध्ये चढली, खाली वाकून तिने मुलीला वर घेतलं. मुलगी सीटवर उभी राहिली, सुभाषरावांच्या खांद्याला धरलं आणि म्हणाली, "आजोबा, भुर्रर्र!"

मी नानांकडे निघालेच होते. तोंड उघडलं होतं. आणि इंजिन बंद झालं.

सुभाषराव खाली उतरले. किल्ली नानांच्या हातात दिली. "नाना, तुम्ही चालवा. मला अंधारात दिसत नाही."

नानांना कळेना. "पण भाऊ, काल तर..."

"काल ही खोकली. ते ऐकून हॉर्न दिला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. दिवाळीतच सांगितलं डॉक्टरांनी, अंधार पडल्यावर गाडीला हात लावायचा नाही म्हणून. दिवे मोठे केले तर भागेल असं वाटलं होतं."

रूपालीने मुलीला मांडीवर घेतलं. नाना किल्लीकडे बघत राहिले, मग पंचाने तोंड पुसून म्हणाले, "चाला भाऊ. मागे बसा. मी चालावस." आणि हळूच चढून बसले.

आम्ही दोघं मागे. वर ताडपत्री नव्हती, केबिनच्या मागच्या दांड्याला धरून उभं राहिलं की समोरचा रस्ता दिसतो. पुढे मोटारसायकल, मागे आम्ही. तापीचा पूल ओलांडला तेव्हा पाण्यावर थोडा उजेड होता. चोपड्याच्या पुढे तो संपला. ट्रक थंड होता, नाना एका हाताने वळणं घेत होते, एका नाल्यात उतरून आम्ही पलीकडे असे निघालो की मला दांडा घट्ट धरावाही लागला नाही. तिन्ही दुखणी गेली होती. माझ्या अटीप्रमाणे मला हिमालयात जायला काहीच हरकत उरली नव्हती.

"जूनचं राहिलं," ते म्हणाले.

"राहू दे."

"तू रागावलीयस."

"रागावलेय. खूप रागावलेय. कराडला गेल्यावर बघते तुमच्याकडे." आणि मी रडले. थोडं त्यांच्यासाठी, बरंचसं स्वतःसाठी, फार दमले होते मी.

त्यांनी मला रडू दिलं. नानांनी खालचे पिवळे दिवे लावले. समोरचा सगळा रस्ता उजळून निघाला, कडेला पिकांच्या रांगा लागल्या. सुभाषराव दांड्यावर पुढे वाकले. मान इकडे तिकडे फिरवत, मधल्या एवढ्याशा फटीतून जे मिळेल ते गोळा करत होते. मग सरळ उभे राहिले.

"दिवे चांगले लागलेत?"

"दिवसासारखे."

"काय दिसतंय?"

"केळी."

"आणि?"

"केळीच."

"पलीकडे?"

"पलीकडेही केळी. अहो, केळीच आहेत सगळीकडे."

"असं नको," ते म्हणाले. "नीट सांग ना."

मी पदराने डोळे पुसले, त्यांच्या शेजारी सरकले, आणि नीट सांगायला लागले.